अल्प भांडवलाचा चित्रपट आणि कॅमेऱ्याची निवड

सन १९१२ च्या फेब्रुवारींत धुंडिराज गोविंद फाळके लंडनला गेले, ते आयुर्विम्याच्या पॉलिसीवर काढलेल्या कर्जाच्या बळावर. तेथें त्यांनीं विल्यमसन बनावटीचा एक कॅमेरा, फिल्मच्या कडांना भोकें पाडण्याचें एक यंत्र आणि कोरी फिल्म यांची खरेदी ठरविली. आणि पुढल्या वर्षीं, ता. ३ मे १९१३ रोजीं, मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्यें 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. ही हकीगत महाराष्ट्रांतील शाळकरी मुलांसही ठाऊक आहे. परंतु तिच्यापासून पुष्कळ होतकरू तरुण एक भलताच धडा घेतात. चित्रपट काढावयाचा तर आधीं कर्ज काढून उत्तमांतला उत्तम कॅमेरा घ्यावा, म्हणजे बाकीचें आपोआप जुळून येतें, असा तो धडा होय.

वस्तुतः फाळक्यांना नुसता कॅमेरा नव्हे, तर सबंध कारखानाच घरांत उभा करावयाचा होता. कोरी फिल्म बिनभोकांची येत असे. तिला अंधारांत भोकें पाडून घ्यावीं लागत, आणि त्या कष्टाच्या कामांत सरस्वतीबाई फाळके यांचा हात मोठा होता. फिल्म धुणेंही घरींच होई. शिवाय भांडवलदारापुढें हात पसरण्यापूर्वीं फाळक्यांनीं कुंडींतील वाटाण्याच्या रोपाची वाढ थोड्याथोड्या अवकाशानें टिपून तिचा एक चिमुकला चित्रपट तयार केला, आणि तो दाखवून पैसा उभा केला. यंत्र हातीं आल्यावर त्याची परीक्षा प्रथम घरांतल्या कुंडीवर झाली, राजदरबाराच्या देखाव्यावर नव्हे. ह्या गोष्टीकडे मात्र फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं.

आज परिस्थिति उलट झाली आहे. कॅमेरा दुर्मिळ राहिलेला नाहीं. तो बहुतेकांच्या खिशांतच आहे. दुर्मिळ आहे तो पैसा, आणि त्याहूनही अधिक, तो पैसा कोठें घालावा ह्याविषयींचा विवेक. परभणीच्या किंवा कऱ्हाडच्या एखाद्या तरुणाजवळ लाख रुपये जमले आहेत असें समजूं. त्यांत वडिलांच्या प्रॉव्हिडंट फंडांतील कांहीं रक्कम असेल, आईच्या बांगड्या गहाण ठेवून आणलेले कांहीं पैसे असतील. त्यांतले ऐंशी हजार कॅमेऱ्याच्या पेटींत गेले, तर नटांचें जेवण, प्रवास, दिवे, ध्वनिलेखन आणि संकलन हीं सर्व वीस हजारांत बसवावीं लागतात. आणि तीं बसत नाहींत. असा चित्रपट कॅमेऱ्याअभावीं नव्हे, तर कॅमेऱ्यापायीं अडतो. मग तोच कॅमेरा विकावयास काढला तर मूळ किंमत येत नाहीं, आणि बांगड्या सावकाराकडेच राहतात.

तेव्हां स्वस्त कॅमेऱ्यानें उत्तम चित्रपट ज्यांनीं केले, त्यांनीं नेमकें काय केलें हें पाहणें उपयुक्त ठरेल.

डेन्मार्कमधील थॉमस विंटरबर्ग ह्या दिग्दर्शकाचा 'फेस्टेन' हा चित्रपट १९९८ सालीं कान येथील महोत्सवांत दाखविला गेला आणि त्यास परीक्षक-मंडळाचें पारितोषिक मिळालें. सहलीला जाणारीं कुटुंबें वापरीत तसल्या, तळहातावर मावणाऱ्या सोनी कंपनीच्या कॅमेऱ्यानें तो घेतलेला होता. एका श्रीमंत घराण्यांतील वडिलांच्या साठाव्या वाढदिवसाची मेजवानी, आणि तींत मुलाच्या तोंडून बाहेर पडणारें घरांतलें एक भयंकर गुपित, एवढाच त्याचा विषय. छायालेखक अँथनी डॉड मँटल ह्यांनीं तें चिमुकलें यंत्र पाहुण्यांच्या घोळक्यांतून असें फिरविलें कीं, आपणही त्या मेजवानीस अनाहूतपणें आलों आहों असें प्रेक्षकास वाटावें. चित्र दाणेदार आहे. अंधुक उजेडांत तर तें विरूनच जातें. पण ज्या घराची अब्रू डोळ्यांदेखत विरत आहे, त्या घराच्या कथेस तें शोभतें. मोठा कॅमेरा असता, तर तो पाहुण्यांत मिसळलाच नसता. फ्रान्सच्या अग्नेस वार्दा ह्यांनीं सत्तरी ओलांडल्यावर असाच लहान कॅमेरा एका हातीं धरून आपलाच दुसरा, सुरकुतलेला हात टिपला. तें दृश्य २००० सालच्या त्यांच्या 'द ग्लीनर्स अँड आय' ह्या चित्रपटांत आहे, आणि एकदां पाहिलेला मनुष्य तें विसरत नाहीं.

डॉड मँटल ह्यांनीं पुढें डॅनी बॉईल ह्यांच्या 'ट्वेंटी-एट डेज लेटर' (२००२) ह्या चित्रपटासाठीं कॅनन एक्सएल-१ हा कॅमेरा वापरला. ओसाड पडलेल्या लंडन शहरांतून एक मनुष्य एकटाच भटकतो, असें दृश्य घ्यावयाचें होतें. भर शहराचे रस्ते भल्या पहाटे कांहीं मिनिटेंच अडवून धरतां येत. मोठीं यंत्रें मांडावयासच तेवढा वेळ गेला असता; हे लहान कॅमेरे चटकन् ठिकठिकाणीं उभे करून एकाच वेळीं अनेक बाजूंनीं चित्रण उरकतां आलें. मात्र त्यांचें चित्र आडवे ७२० व उभे ५७६ बिंदु एवढेंच होतें. चेहरा जवळून घेतला तर तें पुरे होई. दूरची इमारत घेतली कीं तिच्या खिडक्या एकमेकींत मिसळूं लागत. शेवटचा प्रसंग तर नेहमींच्या ३५ मिलिमीटर फिल्मवरच घेण्यांत आला. म्हणजे स्वस्त यंत्राचा गुण जेथें कामास आला तेथें तें वापरलें, जेथें आला नाहीं तेथें बाजूस ठेवलें.

शॉन बेकर ह्या अमेरिकन दिग्दर्शकाचा 'टॅन्जरीन' २०१५ सालीं सनडान्स महोत्सवांत झळकला, तेव्हां तो आयफोन ५ एस् वर घेतलेला आहे ह्याचाच गाजावाजा अधिक झाला. चित्रपट आतां फुकट होतो, असा त्या वार्तेनें कित्येकांचा समज झाला. पण हिशेब पाहावा. फोन तीन होते. त्यांवर चित्र रुंद करणारीं जोडभिंगें बसविलीं होतीं. हातांतला फोन थरथरूं नये म्हणून निराळें साधन होतें. आणि आवाज फोनवर घेतलेलाच नव्हता, तो धंदेवाईक ध्वनिलेखकानें स्वतंत्र यंत्रावर घेतला होता. एकंदर खर्च सुमारें एक लाख डॉलर. त्यांत फोनांची किंमत ती किती! ह्याच्या दुसऱ्या टोंकास २०२३ सालचा 'द क्रिएटर' आहे. सुमारें आठ कोटी डॉलर खर्चाचा हा चित्रपट मुख्यत्वें सोनी एफएक्स-३ ह्या सुमारें चार हजार डॉलरांच्या कॅमेऱ्यावर घेतला गेला. कोट्यवधि डॉलर हातीं असणारेही कॅमेऱ्यावर उधळीत नाहींत, हें आपल्याकडील होतकरूंनीं लक्षांत घेण्याजोगें आहे.

हाच हिशेब नाशिक जिल्ह्यांतील मालेगांवीं निराळ्या रीतीनें मांडला गेला. यंत्रमागांच्या त्या गांवांत व्हिडिओ-पार्लर चालविणाऱ्या शेख नासिर यांनीं २००० सालीं 'मालेगांव के शोले' हा चित्रपट काढला. फिरत्या दृश्यांसाठीं कॅमेरा सायकलीवर चढला, आणि क्रेनचें काम बैलगाडीनें केलें. नट गांवांतले, प्रेक्षक गांवांतले, आणि दाखविण्याची जागाही गांवांतलीच. तेथल्या पडद्यास त्या कॅमेऱ्याचें चित्र पुरून उरत होतें. पुढें फैझा अहमद खान ह्यांनीं ह्या मंडळींवर 'सुपरमेन ऑफ मालेगांव' हा माहितीपट केला, आणि त्यांचें नांव दूरवर गेलें.

कॅमेरा निवडतांना पहिला प्रश्न म्हणूनच असा विचारावा कीं, हा चित्रपट पाहणार कोण आणि कोठें? यूट्यूबवर किंवा गांवच्या सभागृहांत दाखवावयाच्या चित्रपटास हाय-डेफिनिशन, म्हणजे आडवे १९२० व उभे १०८० बिंदु, पुरे होतात. फोर-के चित्रांत बिंदु त्यांच्या चौपट. मोठ्या पडद्यावर, आणि संकलनांत चौकट लहान करतांना, ते उपयोगी पडतात हें खरें. परंतु त्यांस सांठवावयास जागाही तशीच लागते. दर सेकंदास शंभर मेगाबिट ह्या गतीनें चित्रण केल्यास तासाला ४५ गिगाबाइट होतात. दहा तासांचें चित्रण झालें तर साडेचारशें, आणि एक नक्कल ठेवलीच पाहिजे म्हणून नऊशें. ज्यानें नक्कल ठेवली नाहीं, त्याच्या चित्रपटास हार्डडिस्क हातांतून एकदां निसटणें पुरतें.

ब्लॅकमॅजिक कंपनीनें २०१८ सालीं 'पॉकेट सिनेमा कॅमेरा फोर-के' १२९५ डॉलरांस बाजारांत आणला, आणि त्याबरोबर दाविंची रिझॉल्व्ह हें संकलनाचें सॉफ्टवेअरही दिलें. चित्राच्या दृष्टीनें त्या किंमतीस तें यंत्र खरोखर उत्तम. पण त्याची बॅटरी जेमतेम तासभर पुरते, दीर्घ चित्रणासाठीं वेगवान डिस्क जोडावी लागते, आणि हातांतला कंप सांवरण्याची सोय त्याच्या अंगांत नाहीं. बॅटऱ्या, डिस्का, भिंगें, तिपाई घेतां घेतां मूळ आंकडा कोठल्या कोठें जातो. यंत्र स्वस्तांत मिळतें, त्याचा संसार महाग पडतो.

ह्याउलट एक सोय अशी आहे कीं, जिच्यावांचून मुळींच भागत नाहीं, आणि जाहिरातींत मात्र तिचा उल्लेख शेवटीं येतो. ती म्हणजे प्रकाश, फोकस आणि शटर हीं यंत्रावर न सोंपवितां चित्रण करणाराच्या हातीं राहणें. भारतांतील वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची. तिच्यावर जळणारे पुष्कळ दिवे सेकंदाला शंभर वेळां कमीअधिक उजळतात. डोळ्यास तें दिसत नाहीं, कॅमेऱ्यास दिसतें. सेकंदाला पंचवीस चित्रें घेऊन शटर दर चित्रास सेकंदाचा पन्नासावा भाग उघडें ठेवलें, कीं ही फडफड बहुधा नाहींशी होते. ज्या यंत्रांत शटर असें बांधून ठेवतां येत नाहीं, तें कितीही बिंदूंचें असलें तरी घेऊं नये. मोबाईल फोनवर ही सोय करून देणारीं सॉफ्टवेअरें मिळतात. तीं न घेतल्यास पांढरा सदरा घातलेला एखादा नट चौकटींत शिरतांच फोन सबंध खोली काळोखी करून टाकतो.

आणि आवाज! दाणेदार चित्र प्रेक्षक थोड्या वेळानें विसरून जातो. ऐकूं न येणारा संवाद तो क्षणभरही विसरत नाहीं. कॅमेऱ्यावरचा मायक्रोफोन नटापासून दहा फूट दूर असतो, आणि पंखा, रिक्षा, शेजारचा कुकर ह्यांस तो नटाइतकाच मान देतो. मोकळ्या जागीं अंतर दुप्पट झालें कीं आवाजाची तीव्रता चौथाईवर येते. म्हणून महागडा मायक्रोफोन दूर ठेवण्यापेक्षां साधा मायक्रोफोन नटाच्या कॉलरला लावून दुसऱ्या एखाद्या फोनवर आवाज घ्यावा, हें शतपटींनीं बरें. प्रत्येक दृश्याच्या आरंभीं एक टाळी वाजवावी, म्हणजे चित्र आणि आवाज मागाहून जुळवितां येतात. कॅमेऱ्यास मायक्रोफोनची खांच आहे कीं नाहीं, हेडफोन लावून ऐकतां येतें कीं नाहीं, हें पाहिल्यावांचून पैसे मोजूं नयेत. वर सांगितलेल्या लाखापैकीं वीस-पंचवीस हजार आवाजासाठीं आधीं बाजूस काढावे आणि मग कॅमेऱ्याकडे वळावें; हा क्रम उलटा वाटला तरी तोच योग्य.

यंत्र विकत घ्यावें कीं भाड्यानें आणावें, हें दिवसांवर अवलंबून आहे. पटकथा तयार आहे, नट ठरले आहेत, आणि चित्रण दहा दिवसांत उरकणार असेल, तर मुंबई-पुण्यांत दिवसाच्या भाड्यानें मिळणारा चांगला कॅमेरा आणावा. तो परत दिला कीं व्यवहार संपला. आसामच्या रीमा दास ह्यांची गोष्ट वेगळी. 'व्हिलेज रॉकस्टार्स' ह्या चित्रपटाचें काम त्यांनीं आपल्या गांवांत, गांवच्याच मुलांस घेऊन, कांहीं वर्षें चालविलें. दिग्दर्शन, छायालेखन आणि संकलन त्यांचें स्वतःचेंच. त्या चित्रपटास २०१८ सालीं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचें राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. ऋतूंची आणि पुराची वाट पाहत करावयाचें असें काम भाड्याच्या यंत्रावर होत नाहीं. भाडेंच घर बुडवील. तेथें यंत्र स्वतःचें हवें, मग तें साधें कां असेना.

विकत घ्यावयाचेंच ठरलें, तर वापरलेलें यंत्र घेण्यांत कमीपणा नाहीं. कॅमेऱ्याचें नवेपण दोन-तीन वर्षांत जातें. चांगलें भिंग मात्र पुढच्या कॅमेऱ्यासही चालतें, म्हणून पैसा घालावयाचा तर भिंगांत घालावा. कित्येक जुने कॅमेरे एकोणतीस मिनिटें एकोणसाठ सेकंदांनीं आपोआप थांबतात, त्यांत यंत्राचा दोष नाहीं. तीस मिनिटें चित्रण करणाऱ्या यंत्रावर युरोपांत व्हिडिओ-कॅमेऱ्याची जकात पडत असे, ती चुकविण्यासाठीं कारखानदारांनीं ही मर्यादा घातली होती. कथाचित्र घेणारास तिची अडचण नाहीं. नाटक किंवा कीर्तन सलग टिपणारास आहे. पॅनासॉनिकच्या २०१७ सालच्या जीएच-५ ला ही मर्यादा नाहीं.

विक्रेत्याकडे जातांना रिकामें मेमरी-कार्ड आणि एक हेडफोन न्यावा. भिंगावर झांकण ठेवून मिनिटभर चित्रण करावें. काळ्या चित्रांत पांढरे किंवा तांबडे ठिपके एकाच जागीं चमकत राहिले, तर सेन्सरवरील ते बिंदु बिघडले आहेत असें समजावें. खांचांत तारा घालून त्या किंचित् हालवून पाहाव्या. मग बॅटरी पूर्ण भरून यंत्र सलग चालूं द्यावें, आणि तें तापून मध्येंच बंद पडतें का तें पाहावें. ह्यास अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढा वेळ थांबावयास विक्रेता तयार नसेल, तर तेथून उठून यावें.