दैनंदिनी निवडताना

बंगळूरच्या मराठी घरात दोन वर्षे एकत्र नांदतात. कचेरीची दैनंदिनी १ जानेवारीला उघडते; घराचे वर्ष चैत्र शुद्ध प्रतिपदेला. आपला गुढीपाडवा तोच कन्नड शेजाऱ्याचा युगादी. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे; त्यामुळे आईच्या श्राद्धाची तिथी दरवर्षी निराळ्या तारखेस येते. तासातासाच्या रकान्यांत बैठका बसतात आणि ती तिथी निसटते.

म्हणून दैनंदिनी घेताना, बांधणी पाहण्यापूर्वी, गतवर्षी काय विसरले ते आठवावे. ज्याच्या भेटीगाठी वेळेवर बांधलेल्या, त्याने दिवसाला एक पान असलेली घ्यावी. ज्याला घर व कचेरी दोन्ही सांभाळायची, त्याला दोन पानांवर सारा आठवडा दिसावा. आणि पाडव्याला नव्या पंचांगातून घरच्या तिथी तीत प्रथम उतरवाव्यात. बैठका आपली जागा शोधतातच.