‘काही विशेष नाही’

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण. दहावी १९९४ च्या तुकडीतर्फे.)

आदरणीय सर, बाई, आमच्या आधीच्या तुकड्यांतले दादा आणि ताई, आमच्या नंतर आलेली लहान मंडळी (तीही आता चाळिशीला टेकली आहेत, हे पाहून बरं वाटलं), आणि माझ्या वर्गातले, ज्यांना आदरणीय म्हटलं तर मलाच हसू येईल असे सगळे,

समितीने मला दहा मिनिटं दिली आहेत. विषय दिला आहे, ‘आपले माजी विद्यार्थी : आज कुठे, काय’. स्मरणिकेतल्या त्या विभागाची माहिती गोळा करायचं काम माझ्याकडे होतं. का, तर मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. नंदनवनात एखादी सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हटलं की तिला प्रिंटरही दुरुस्त करता येतो, आधार कार्डही जोडता येतं आणि माहितीही गोळा करता येते असा समज आहे. मी तो मोडला नाही.

मी एक गूगल फॉर्म केला. नाव, दहावीचं वर्ष, पुढचं शिक्षण, सध्या काय करता, आणि शेवटचा रकाना ‘आयुष्यातले महत्त्वाचे टप्पे’. फॉर्म व्हॉट्सअ‍ॅपच्या सगळ्या गटांत टाकला आणि मला वाटलं काम झालं. पंधरा दिवसांत आमच्या वर्गातल्या सहा जणांनी भरला. सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त भरला तो आपल्या जुन्या तुकड्यांनी, ज्यांना मोबाइल चालवता येत नाही असं त्यांची मुलं सांगतात त्यांनी.

त्यातलं थोडं सांगते. एका दादांनी टप्प्यांच्या रकान्यात लिहिलं, ‘१. वीज मंडळात नोकरी. २. मुलीचं लग्न. ३. दोन्ही गुडघे बदलले, आता जगनाडे चौकापर्यंत चालत जातो.’ माझ्या मते तिसरा टप्पा सर्वांत मोठा आहे, कारण जगनाडे चौक ओलांडायला धडधाकट माणसालाही धैर्य लागतं. एक दादा सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर एलएल.बी.ला बसले. वर्गातली पोट्टे त्यांना आधी सर समजून उभी राहायची, म्हणाले. एका ताईंनी तीन मुलं मोठी केल्यावर घरी बसून एम.ए. केलं, मराठीत. त्यांनी फॉर्मसोबत गुणपत्रिकेचा फोटो पाठवला. मी मागितला नव्हता. त्यांनी पाठवला, आणि मी तो दोन-तीनदा उघडून पाहिला.

फॉर्म वाचताना एक गोष्ट लक्षात आली. ‘पुढचं शिक्षण’ या रकान्यात कॉलेजं वेगवेगळी, पण विद्यापीठ बहुतेक एकच, नागपूर विद्यापीठ. कोणी मॉरिसला गेलं, कोणी हिस्लॉपला, कोणी इथेच महिला महाविद्यालयात, माझ्यासारखे काही इथल्याच के.डी.के. इंजिनिअरिंगला. ४ ऑगस्ट १९२३ ला स्थापन झालेलं हे विद्यापीठ २०२३ मध्ये शंभर वर्षांचं झालं. शताब्दीच्या निमित्ताने जानेवारी २०२३ मध्ये इंडियन सायन्स काँग्रेसही इथे भरली होती. माझ्या पदवीवर नुसतं ‘नागपूर विद्यापीठ’ आहे. धाकट्या भावाच्या पदवीवर ‘राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ’ आहे, कारण २००५ मध्ये नाव बदललं. आमच्या आईने दोन्ही शेजारी शेजारी लावल्या आहेत, आणि पाहुणे विचारतात, दोघं वेगळ्या विद्यापीठात होते का?

शताब्दीच्या वेळी विद्यापीठाच्या मोठ्या माजी विद्यार्थ्यांची नावं सगळीकडे फिरत होती, तुम्हीही वाचली असतील. न्यायमूर्ती हिदायतुल्ला हे मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी, १९६८ ला देशाचे सरन्यायाधीश झाले, १९६९ मध्ये काही आठवडे हंगामी राष्ट्रपतीही होते. न्यायमूर्ती शरद बोबडे तर आपल्या डोळ्यांसमोर, २०१९ मध्ये, सरन्यायाधीश झाले. कॉम्रेड ए. बी. बर्धन विद्यापीठाच्या विद्यार्थी चळवळीतून पुढे आले आणि १९५७ ला नागपुरातून आमदार झाले. आणि पी. व्ही. नरसिंह राव.

राव साहेबांपाशी मी थांबले. आपण शाळेत होतो तेव्हा ते पंतप्रधान होते. सामान्यज्ञानाच्या पेपरात त्यांचं पूर्ण नाव लिहायला यायचं आणि ‘पामुलपर्ती’ कोणाला जमायचं नाही. ते नागपूरला का आले, हे मला कळलं ते गेल्या वर्षी. १९३८ मध्ये हैदराबाद संस्थानात ‘वंदे मातरम्’ म्हटलं म्हणून विद्यार्थ्यांना कॉलेजातून काढून टाकलं होतं. त्या काढलेल्या मुलांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. त्यात राव होते, आणि पुढे कायद्याची पदवीही त्यांनी इथूनच घेतली. म्हणजे त्यांच्या यादीतला नागपूरचा टप्पा हा ‘नाव कमी केलं’ या टप्प्यानंतरचा. पुढे १९९१ ला त्यांच्याच सरकारने जे दरवाजे उघडले, त्यातून माझ्यासारखी मुलगी २००० साली थेट सॉफ्टवेअरमध्ये शिरली. तेव्हा शाखा कुठलीही असो, मेकॅनिकल काय नि सिव्हिल काय, सगळे सॉफ्टवेअरमध्येच जात होते.

आता फॉर्मकडे परत येते, कारण मला खरं बोलायचं आहे ते त्याबद्दल.

टप्प्यांच्या रकान्यात एक वाक्य सारखं दिसायला लागलं, ‘काही विशेष नाही’. कोणी ‘गृहिणी, काही विशेष नाही’. कोणी नुसतं ‘—’. मी त्यांची यादी वेगळी काढली, सवयच ती. एखादा रकाना रिकामा येत असेल तर आम्ही आधी भरणाऱ्याला नाही, फॉर्मला दोष देतो. म्हटलं, फोन करून विचारू, दोन ओळी लिहून घेऊ.

त्या यादीत आमच्या वर्गातल्या पहिल्या नंबरचं नाव होतं. ती आज इथे नाही. तिने मला तिचं नाव घेऊ नको असं बजावलं आहे, पण माझ्या वर्गातल्या प्रत्येकाला कळलं असेल कोण ते. गणिताच्या बाई, तुम्हाला तर नक्कीच. तिची वही तुम्ही वर्गात फिरवायचात.

फोन उचलल्यावर ती म्हणाली, “काय वं, जिवंत आहेस काय?” चोवीस वर्षांनी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बारावीला तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते, गणितात तर कितीतरी जास्त. तिचे वडील मिलमध्ये होते. नागपुरात १८७७ पासून, एम्प्रेस मिल सुरू झाली तेव्हापासून, मिलच्या भोंग्यावर घरं चालली. आपल्या पूर्व नागपुरात तर गल्ली गल्ली. आपण शाळा-कॉलेजात होतो त्या वर्षांत त्या भोंग्यांना घरघर लागली होती. तिच्या घरी पगार कधी यायचा, कधी नाही. इंजिनिअरिंगचा फॉर्म तिने भरलाच नाही. बी.एस्सी.ला एक वर्ष गेली, मग घरी बसून साड्यांना फॉल-पिको करायला लागली. पाठची दोन भावंडं शिकत होती.

मी के.डी.के.ला गेले. आणि विंटर ९७ ला एम-थ्रीत नापास झाले.

इथे बसलेल्या इंजिनिअरांना एम-थ्री म्हणजे काय हे सांगायला नको. बाकीच्यांनी एवढंच समजा की नागपूर विद्यापीठात मुलांची दोन प्रकारांत विभागणी व्हायची, एम-थ्री निघालेले आणि एम-थ्री राहिलेले. निकाल लागला त्या संध्याकाळी मी घरी न जाता तिच्या ओट्यावर जाऊन बसले. रडले. ती मशीन चालवत होती. म्हणाली, पुस्तक दोन दिवस ठेवून जा.

दोन दिवसांनी तिने मला लाप्लास शिकवायला सुरुवात केली. तिने ते कधी शिकलेलं नव्हतं. कोणी तिला शिकवलं नव्हतं. माझ्या पुस्तकातून, फॉल लावता लावता, ती माझ्या दोन धडे पुढे असायची. मार्च आणि एप्रिल, दुपारी तीन ते पाच, कारण तेव्हा गिऱ्हाईक येत नसे. तुम्हाला नागपूरचा एप्रिल माहीत आहे. कूलर एकच होता आणि तो तिच्या आजीच्या खोलीत होता. ओल्या पंचाने तोंड पुसत आम्ही फूरियरची मालिका केली. मी चुकले की ती रागवायची नाही, ‘पुन्हा मांड’ म्हणायची. समर ९८ ला माझा एम-थ्री निघाला, चांगल्या मार्कांनी.

२००० ला पदवी मिळाली, नोकरी लागली, आम्ही गल्लीत पेढे वाटले. तिचं लग्न झालं होतं. पेढे मी तिच्या आईच्या हातात दिले आणि ‘काकू, पास झाले’ एवढंच म्हणाले. मग पुण्याला गेले, तिथून बंगळुरूला.

आता ही जी गोष्ट आहे ना, नापास झाल्याची, ती मी पुढे खूप वेळा सांगितली आहे. नव्याने नोकरीला लागलेल्या मुलांसमोर माझं एक भाषण ठरलेलं असायचं. मी एका विषयात नापास झाले, खचले नाही, स्वतः अभ्यास केला, आणि पाहा. मुलं टाळ्या वाजवायची. ‘स्वतः’ हा शब्द त्यात कधी शिरला ते मला आठवत नाही. मुद्दाम घातला असंही नाही. ओटा, मशीन, ती, हे सगळं सांगायला वेळ लागायचा, म्हणून गळत गेलं, आणि मग ते नव्हतंच असं मलाही वाटायला लागलं. बाई, तुमच्यासमोर हे सांगताना मला दहावीत गृहपाठ उतरवलेला पकडला गेल्यासारखं वाटतंय.

तर फोनवर मी तिला म्हटलं, टप्प्यात काय लिहू? म्हणाली, काही नाही गं, मेस चालवते. के.डी.के.च्या मागच्या बाजूला, बारा वर्षं झाली. पहाटे पाचला कणीक. दोन मुली मदतीला. रविवारी फीस्ट, त्यात कधी वडाभात, कधी पाटोडी. मग तिने जे सांगितलं ते मी तसंच लिहून घेतलं. म्हणाली, “पोट्ट्यांचे पैसे थकतात, पण डबा मी बंद करत नाही. आणि परीक्षेच्या महिन्यात रात्री आठ ते दहा मी एम-थ्री घेते. फी नाही. जेवायलाच आलेली असतात, तिथेच बसतात.”

मी विचारलं, अजून?

म्हणाली, “अगं आता सिलॅबस सोपा केलाय.”

मी फोन ठेवला आणि माझा स्वतःचा फॉर्म उघडला. त्यात मी लिहिलं होतं, ‘सॉफ्टवेअर आर्किटेक्ट, बंगळुरू, चोवीस वर्षांचा अनुभव’. अनुभव खरा आहे. बाकीचं आठ महिन्यांपूर्वीपर्यंत खरं होतं. मार्चमध्ये कंपनीने आमचा सगळा गटच बंद केला. एका सकाळी लॅपटॉप उघडला नाही, इतकंच. घरच्यांना माहीत आहे. सोसायटीत माहीत नाही. ज्या दादांनी गुडघे लिहिले, ज्या ताईंनी गुणपत्रिका पाठवली, त्यांच्या यादीत मी माझं जुनं व्हिजिटिंग कार्ड चिकटवलं होतं. आज सकाळी माझ्या नवऱ्याने विचारलं, हे खरंच स्टेजवर बोलणार आहेस? म्हटलं, बोलायला दहा मिनिटं आहेत, भरायची तर आहेत.

आता अहवालाचा उरलेला भाग. ज्यांनी ‘काही विशेष नाही’ लिहिलं होतं त्यांना मी आणि समितीतल्या दोघींनी फोन केले. काहींनी सांगितलं, काहींनी खरंच काही नाही म्हणून हसून ठेवलं, आणि एका ताईंनी ‘तुला काय करायचंय?’ असं विचारलं. तोही हक्कच आहे. जे मिळालं ते स्मरणिकेत ज्याच्या त्याच्या शब्दांत आहे, आम्ही सुधारलं नाही. माझ्या वर्गाच्या पानावर मैत्रिणीची नोंद तिने परवानगी दिली तेवढीच, दोन ओळींची आहे. माझी नोंद मी बदलली आहे. ‘सध्या नोकरीच्या शोधात’ असं लिहिलं आहे, तेव्हा कुणाकडे काही असेल तर जेवताना सांगा. मिहानमधलं असेल तर आणखी चांगलं, आईला बरं वाटेल.

मैत्रिणीला मी आज येण्याचा आग्रह केला होता. म्हणाली, रविवार आहे, फीस्ट आहे, साठ जणांचं आहे, कशी येऊ? मग म्हणाली, संध्याकाळी सहानंतर ये, आणि बाईंना घेऊन ये, त्यांना जिना चढवत नसेल तर मी खाली खुर्ची टाकते.

बाई, गाडी मी आणली आहे. साडेपाचला निघू.