वाऱ्याला कुंपण



केळीच्या बागेला शेतकरी कडेने शेवरी लावतो. भिंत बांधीत नाही. शेवरीतून वारा मंद होऊन येतो. भिंतीवरून मात्र तो उसळी घेतो आणि पलीकडे भोवरा करतो. एका खडीच्या कारखान्यात मालकांनी धुळीसाठी पत्र्याची भिंत उभारली, तेव्हा आम्हांला ही शेवरी आठवली. भिंतीआड धूळ बसली नाही, फिरत राहिली. आणि तेथेच आमची माणसे पाट्या भरीत होती.

जाळीचे कुंपण निराळे. ते साधारण निम्मे उघडे असावे लागते. वारा त्यातून जातो, पण दमून जातो. धूळ वाहून नेण्याची वाऱ्याची ताकद वेगाच्या जवळजवळ घनाने वाढते. वेग निम्मा झाला की ती आठव्या हिश्श्यावर येते. आम्ही शाळा चौथीतच सोडली, पण हे गणित आम्हांलाही पटते.

परंतु कुंपण ढिगापुरते. जबड्यात दगड फुटतो, पट्ट्यावरून खडी पडते, तेथली धूळ उडायला वारा लागतच नाही. तेथे पाण्याचा फवारा हवा, पट्ट्याला झाकण हवे. सिलिकोसिस करणारा कण तर डोळ्यांना दिसतही नाही. धूळ उगमापाशीच धरावी, हे १९४८ च्या कारखाना कायद्याने सांगितले होते. पण कुंपण रस्त्यावरून दिसते, म्हणून ते आधी उभे राहते. फवाऱ्याची तोटी साहेब तपासणीला येतात त्या दिवशी उघडते. आमचे मागणे एवढेच, की त्या तोटीची चावी पट्ट्यापाशी उभ्या असलेल्या कामगाराकडे द्या.