लहान मुलांना घेऊन पहिली क्रूझ: ताईच्या एक्सेल शीटपासून आजीच्या 'रामदास'पर्यंत

लोकलमध्ये असाल तर हेडफोन नीट लावा आणि बाईकवर असाल तर आधी बाजूला थांबा. आजचा विषय माझ्या कामाचा नाही, कोडिंगचा तर अजिबातच नाही. आमच्या घरी सध्या एकच चर्चा चालू आहे: ताई आणि भावोजींना दिवाळीनंतर मुलांना घेऊन मुंबई-गोवा क्रूझला जायचंय. मोठा भाचा सहा वर्षांचा, धाकटी सव्वादोन वर्षांची. इंजिनिअर मामा म्हणून प्लॅनिंग माझ्या गळ्यात पडलं. मी स्वतः क्रूझवर गेलेलो नाही, पण मूळ नागावचा असल्यामुळे बोटीने येणं-जाणं इतकं झालंय की आता मोजत नाही.

ताईने एक एक्सेल शीट पाठवली. त्यात वॉटर स्लाइड, मॅजिक शो, किड्स क्लब, बुफे अशा रकान्यांपुढे टिक मार्क होते. मी ती शीट बाजूला ठेवली आणि तिला दोनच आकडे विचारले. दोघांचं वजन किती आणि उंची किती?

तिला वाटलं मी चेष्टा करतोय. पण मोठ्या जहाजांसाठी 'सोलास' नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडालं, त्यानंतर १९१४ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली. त्याच्या नियमांत लाइफ जॅकेटची मापं ठरलेली आहेत. पंधरा किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळासाठी वेगळं जॅकेट, पंधरा ते त्रेचाळीस किलोपर्यंतच्या मुलासाठी वेगळं, आणि त्यापुढे मोठ्या माणसाचं. मुलांची जॅकेट प्रवाशांच्या निदान दहा टक्के हवीत, आणि मुलं जास्त असतील तर प्रत्येक मुलाला एक. बाळांची निदान अडीच टक्के, पण हे चोवीस तासांहून कमी प्रवासासाठी; त्याहून लांबच्या प्रवासात प्रत्येक बाळाला एक. आमची धाकटी अकरा किलोची, म्हणजे तिला बाळाचं जॅकेट लागणार. मोठा एकोणीस किलोचा, त्याला मुलांचं. मोठ्या माणसाचं जॅकेट लहान मुलाला घातलं की पाण्यात ते वर सरकतं आणि मूल खालून निसटू शकतं. त्यामुळे 'जॅकेट आहेत ना?' एवढं विचारून भागत नाही, 'कुठल्या मापाची आहेत?' असं विचारायचं.

हे एवढं ताणून का सांगतोय? तर घरात क्रूझला खरा विरोध एकाच माणसाचा आहे, आणि ती म्हणजे आजी.

आजीला समुद्राची भीती नाही. समुद्र तिच्या वाडीच्या मागेच आहे, सुरूच्या बनापलीकडे. तिची भीती बोटीची. १७ जुलै १९४७, गटारी अमावस्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट पावसाळी समुद्रात काशाच्या खडकाजवळ कलंडली आणि बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. बहुतेक आपल्याच भागातली, सणाला घरी निघालेली. बोटीवर वायरलेस नव्हता, त्यामुळे सकाळी झालेला अपघात मुंबईला कळायला संध्याकाळ उजाडली. आजी तेव्हा सहा-सात वर्षांची होती. आमच्या आळीतल्या एका घरातला माणूस त्या दिवशी परत आला नाही, असं ती सांगते. स्वातंत्र्याला महिना राहिला होता आणि या किनाऱ्यावर घराघरांत सुतक होतं.

आता अशा माणसाला 'अगं आजी, आता काही होत नाही' म्हणायचं? मला ते पटत नाही. जहाज बदललंय हे खरंच आहे. रामदास साधारण ५५ मीटर लांब होती. कॉर्डेलियाचं 'एम्प्रेस', ज्याने २०२१ पासून मुंबईहून फेऱ्या सुरू केल्या, ते २१० मीटरच्या आसपास आहे. भर पावसाळ्यात निघायचा आपला विचारही नाही. पण 'काही होत नाही' हे वाक्य किती पोकळ आहे ते आपण डिसेंबर २०२४ मध्ये पाहिलं. गेटवेहून घारापुरीला जाणाऱ्या 'नीलकमल' बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली. समुद्र शांत होता आणि दिवसाउजेडी हे झालं. बोटीवरच्या अनेकांच्या अंगात जॅकेट नव्हतं. म्हणून आजीला धीर देण्यापेक्षा तिच्या प्रश्नांची उत्तरं शोधायची असं मी ठरवलं. बाळाच्या मापाचं जॅकेट केबिनमध्येच मिळणार की मागून घ्यायचं? जमायची जागा, म्हणजे मस्टर स्टेशन, केबिनपासून किती जिने लांब आहे? मूल किड्स क्लबमध्ये असताना भोंगा वाजला तर त्याला तिथे कोण नेणार? हे प्रश्न मी क्रूझ कंपनीला ईमेलवर पाठवलेत. फोनवर विचारू नका, उत्तर लेखी असू दे.

आणि जहाज सुटण्याआधी सुरक्षेचा सराव होतो, त्याला मुलांसकट जायचं. तेव्हा डेकवर गाणी चालू असतात, सेल्फी निघत असतात, टाळायचा मोह होतो. २०१२ मध्ये इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' कलंडलं तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या काही प्रवाशांचा सराव अजून व्हायचा होता. त्यानंतर नियम कडक झाला.

आता पोटाकडे येऊ. बोट लागणं हे साधारण दोन ते बारा वर्षांच्या मुलांना जास्त होतं. दोन वर्षांखालच्या बाळांना क्वचितच. म्हणजे आमची दोन्ही मुलं नेमकी त्या टप्प्यात. जहाज सगळ्यात कमी हलतं ते मधोमध आणि खालच्या मजल्यांवर. त्यामुळे बाल्कनीवाल्या वरच्या केबिनसाठी जास्त पैसे देण्यापेक्षा मधली, खालची, बिनखिडकीची केबिन मला बरी वाटते. अंधार असतो, मुलं दुपारी झोपतात. आणि सव्वादोन वर्षांची पोर खुर्ची ओढून कठड्यावर चढेल ही धास्तीही नाही. ताईला हे अजून पटलेलं नाही. फोटोंचं काय, म्हणते.

औषधाबद्दल एकच. आपल्याकडे प्रवासात सर्रास देतात त्या ॲव्होमिनमध्ये प्रोमेथाझिन असतं. दोन वर्षांखाली ते देत नाहीत आणि त्यावरच्या मुलालाही डॉक्टरला विचारूनच. काकूने दिलेली अर्धी गोळी नको.

बाकी भराभर सांगतो. चेक-इन सहसा दुपारी, म्हणजे बरोबर झोपेच्या वेळी, आणि रांग लागते. मोठी बॅग तुमच्या हातातून जाते ती केबिनवर काही तासांनी येते, म्हणून डायपर, दुधाची पावडर, औषधं, कपड्यांचा एक जोड हातातल्या पिशवीत ठेवा. केटल सहसा नेऊ देत नाहीत, दुधासाठी गरम पाणी कुठे मिळेल ते आधी विचारा. डायपरमधल्या मुलाला बऱ्याच जहाजांवर पूलमध्ये उतरू देत नाहीत. हे ऐकून ताईच्या शीटमधली निम्मी टिक गळाली. सहा महिन्यांखालचं बाळ आणि २४ आठवड्यांपुढची गरोदर बाई यांना बहुतेक कंपन्या घेत नाहीत. मुलांचंही आधार किंवा जन्मदाखला लागतो. जेवणाआधी हात साबणाने धुवायचे, कारण जहाजावर पसरणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर फारसा चालत नाही. जाहिरातीतला आकडा माणशी असतो, आणि त्यावर कर, बंदर शुल्क, टिप हे वेगळं. आणि फोन एअरप्लेन मोडवर टाका. जहाजाच्या नेटवर्कचं रोमिंग एकदा चिकटलं तर बिल बघून गोवा आठवणार नाही.

आता माझा मुख्य मुद्दा. आम्ही कुठलाही कोड थेट प्रॉडक्शनला टाकत नाही, आधी स्टेजिंगवर चालवून बघतो. आपल्याकडे स्टेजिंग फुकट आहे हो! म्हणजे फुकट नाही, तिकीट आहे, पण क्रूझच्या मानाने काहीच नाही. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो, मार्च २०२० पासून चालू आहे. साधारण तासाभराचा प्रवास, गाडी सोबत. मांडव्यापासून नागाव अठ्ठावीस किलोमीटरच्या आसपास. मूल बोटीवर चढताना रडतं का, इंजिनाच्या आवाजाला दचकतं का, पोटात ढवळतं का, जॅकेट घालून दहा मिनिटं राहतं का, आणि आईबाप एकमेकांवर खेकसल्याशिवाय दोघांना सांभाळतात का, हे सगळं त्या तासात कळतं. बंदराच्या तोंडाशी तासभर जाणं म्हणजे खुल्या समुद्रातली रात्र नव्हे, हे मान्य. पण जे मूल इथेच हैराण झालं त्याला तीन रात्रींच्या पॅकेजवर न्यायची घाई कशाला? वर्षभर थांबा.

नागावच्या किनाऱ्यावरची बनाना राइड मात्र सराव म्हणून मोजू नका. ती मुद्दाम उलटवतात, आणि लहान मुलाच्या मनात बसते ती भीतीच.

वेळ कधीची? आपल्याकडे नारळी पौर्णिमेला नारळ सोडल्याशिवाय समुद्रावर जायचं नाही, हे जुनं गणित आजही खरं आहे. मला डिसेंबर-जानेवारी बरा वाटतो. शाळेचे दोन दिवस बुडतील, बुडू देत.

तर सध्या परिस्थिती अशी आहे. तीनऐवजी दोनच रात्री, एवढ्यावर ताई आली आहे. केबिनवरून वाद चालू आहे. क्रूझवाल्यांच्या उत्तराची वाट बघतोय. येत्या शनिवारी सकाळच्या रो-रोने दोन्ही मुलं नागावला येणार आहेत. आजी म्हणाली, मांडव्याला जेट्टीवर घ्यायला मी येते. काय झालं ते पुढच्या भागात सांगतो. तुमच्या मुलांना बोट लागली असेल आणि काही उपाय चालला असेल तर व्हॉइस नोट पाठवा.