टिटवीची अंडी आणि पाण्याने भरलेली शेतं

आमच्या जबलपूरची जून 2020 मधली एक सकाळ सांगतो.

1 जूनपासून निर्बंध सैल झाले, पण रात्री 9 ते पहाटे 5 संचारबंदी होतीच. पक्षी बघणाऱ्याला ही मोठीच शिक्षा! जूनमध्ये इथे साडेपाचच्या आत सूर्य उगवतो. पाचच्या ठोक्याला स्कूटर काढून पाटनच्या रस्त्याला लागलो, तोवर पक्ष्यांचा दिवस सुरूही झाला होता.

रस्त्यालगतच्या दलदलीत शेकाट्यांची जोडी होती, एक मुग्धबलाक गोगलगायी शोधत होता. टाळेबंदीत पक्षी परत आले, असं तेव्हा जो तो म्हणत होता. परत कुठून येणार? ते इथेच होते, आपण घरात होतो.

शेजारी गव्हाची धसकटं उभी असलेलं शेत. त्यात पाय टाकला आणि टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागली. मी जागीच थांबलो. चार पावलांवर, ढेकळांच्या रंगाची चार अंडी. वर सावली नाही, खाली काडी नाही. या उन्हात टिटवी पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांवर बसते. शेताला लागून पाणी हवं ते त्यासाठी.

तेवढ्यात ट्रॅक्टर घेऊन शेतकरी आला. तोंडाला गमछा. म्हणाला, "टिटवीने अंडी खाली घातलीत, म्हणजे पाऊस कमी." मला वेगळीच काळजी. हा भाग हवेलीचा. हवेली म्हणजे वाडा नव्हे! काळ्या जमिनीला उंच बांध घालून पावसाळाभर शेतात पाणी साठवायचं, ऑक्टोबरच्या सुरुवातीला सोडून द्यायचं आणि त्या ओलीवर गहू-हरभरा घ्यायचा, ही इथली जुनी रीत. अंडी फुटायला महिना लागतो. मी विचारलं, "शेत कधी भरतं?"

"आता भरत नाही. बांध फोडला. बोअर आहे, सोयाबीन घेतो."

म्हणजे अंडी बुडणार नव्हती. पण पावसाळाभर पाणपक्ष्यांना मिळणारं ते उथळ पाणीही गेलं होतं. त्याला दोष कसा देऊ? एका पिकाच्या जागी दोन पिकं कोणाला नकोत?

त्याने अंड्यांजवळ एक काठी रोवली आणि तिला वळसा घालून नांगर फिरवला. मध्ये चटईएवढा तुकडा तसाच राहिला. टिटवी मात्र आम्हा दोघांनाही शिव्या घालत होती.