साखरेतली वीज



भाकरीचा घास बराच वेळ चावीत राहिले की तो गोड लागू लागतो. लाळेतले एक विकर, म्हणजेच एन्झाइम, पिठाची साखर करते. पुढे शरीरातली दुसरी विकरे त्या साखरेतली शक्ती हळूहळू मोकळी करतात. त्या शक्तीवरच आपण नांगर धरतो, फळ्यावर लिहितो. जाळ नाही, धूर नाही!

हीच युक्ती शास्त्रज्ञांनी विजेसाठी योजली. साखरेच्या पाण्याला लागून विकरे बसवलेला एक ध्रुव ठेवतात. विकरे साखरेतले इलेक्ट्रॉन सोडवून घेतात आणि ते तारेतून दुसऱ्या ध्रुवाकडे धावतात. हा प्रवाह म्हणजेच वीज. तिथे हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन पाणी बनते. असा विकरांचा इंधनघट १९६४ साली प्रथम तयार झाला. २००७ साली जपानच्या सोनी कंपनीने अशा चार डब्या जोडून गाणी ऐकण्याचे लहानसे यंत्र चालवून दाखवले.

मग विहिरीवरची मोटार का चालू नये? हिशेबच करू या. त्यातली एक डबी वॅटचा विसावा भाग वीज देई. पाच अश्वशक्तीच्या मोटारीला सुमारे ३,७०० वॅट लागतात. म्हणजे डब्या हव्यात पाऊण लाखाच्या घरात!

दोष साखरेचा नव्हे. एक किलो साखरेत सुमारे साडेचार युनिट शक्ती असते. पण ग्लुकोजच्या एका रेणूतून २४ इलेक्ट्रॉन मिळू शकतात आणि साध्या घटाच्या हाती त्यांतले दोनच लागतात. २०१४ साली अमेरिकेत व्हर्जिनिया टेक येथे तेरा विकरांची साखळी लावून जवळजवळ सगळे काढले गेले. तरी दोन अडचणी राहतातच : वीज मिळते ती संथपणे, आणि विकरे झिजतात. शरीर रोज नवी विकरे घडवते. डबीला ते कुठून जमणार?

म्हणून ही विद्या टाकाऊ समजू नका. मधुमेह्याच्या रक्तातली साखर मोजणारी पट्टी याच तत्त्वावर चालते. थेंबातल्या साखरेतून विकर इलेक्ट्रॉन सोडवते आणि यंत्र तो प्रवाह मोजते. तिथे इवलीशी वीजही पुरते.

उद्या कुणी साखरेवर चालणारा पंप विकायला आला, तर पैसे काढण्याआधी त्याला दोनच प्रश्न विचारा : वॅट किती? आणि टिकेल किती दिवस? गुरुजी, हे दोन प्रश्न मुलांनाही शिकवा. नव्या शोधाचे कौतुक जरूर करावे, पण ते हिशेब मांडून.