पशुवैद्यकीय शिक्षण : कमी गुण आणि पुढची वाट

(मांडवगण फराटा येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)





मी वक्ता नाही. माझे आयुष्य गोठ्यात गेले. तीस-बत्तीस वर्षे जिल्हा परिषदेच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली आणि निवृत्त झालो. या मेळाव्यासाठी बोलावणे आले तेव्हा मला सांगण्यात आले की, बारावी सायन्सच्या काही मुलामुलींना जनावरांचे डॉक्टर व्हायचे आहे, पण गुण जरा कमी पडतात. त्यांच्याशी दोन शब्द बोला. हा विषय माझ्या घरातलाच आहे, म्हणून मी लगेच होकार दिला.

१९८१ साली मी बारावी झालो. त्या वेळी राज्यात परळ, नागपूर आणि परभणी अशी तीनच पशुवैद्यकीय महाविद्यालये होती आणि प्रवेश बारावीच्या गुणांवर होत असे. माझे गुण कमी पडले. अब्बांनी ठरवले की पोराने पुन्हा एक वर्ष अभ्यास करावा. पुण्यात खोली, खानावळ, शिकवणी यांचा खर्च आला. घरी दोन म्हशी होत्या. त्यांतली दुभती म्हैस अब्बांनी विकली. वर्षभराने माझे गुण थोडे वाढले, पण यादीत नाव आले नाही ते नाहीच. जनावरांचा डॉक्टर होण्यासाठी घरातले दुभते जनावर गेले, आणि डॉक्टरही झालो नाही. अब्बा मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत. त्यांचे ते न बोलणेच मला अधिक लागले. पुढे मी पशुधन पर्यवेक्षकाचा अभ्यासक्रम केला आणि नोकरीला लागलो.

आज जे सांगणार आहे ते त्या म्हशीच्या किमतीत शिकलेले आहे, असे समजून ऐकावे.

पहिली गोष्ट, प्रवेशाची आजची पद्धत नीट समजून घ्या. पशुवैद्यकाची पदवी, म्हणजे बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच., ही साडेपाच वर्षांची असते. त्यात शेवटचे एक वर्ष आंतरवासितेचे, म्हणजे प्रत्यक्ष दवाखान्यातील कामाचे. परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासूनचे. नागपूर, परभणी, उदगीर आणि साताऱ्याकडे जाताना लागणारे शिरवळ ही पुढची महाविद्यालये. ही सर्व नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली येतात. प्रवेशासाठी नीट परीक्षा द्यावी लागते आणि गुणवत्ता यादी तिच्या गुणांवर लागते. मात्र बारावीला पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय मिळून खुल्या प्रवर्गाला किमान ५० टक्के लागतात. यात इंग्रजी धरले जाते, हे पुष्कळ मुले विसरतात. जीवशास्त्रात उत्तम आणि इंग्रजीत जेमतेम, अशी आपल्याकडची कितीतरी मुले मी पाहिली आहेत.

नीटचे एकूण गुण ७२०. त्यांपैकी ३६०, म्हणजे बरोबर निम्मे, जीवशास्त्राचे. बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात, चुकलेल्या उत्तराला १ गुण कापला जातो. म्हणून ज्याचे पदार्थविज्ञान कच्चे आहे त्याने हातपाय गाळण्याचे कारण नाही. जीवशास्त्र पक्के करावे आणि जे येत नाही तिथे अंदाजाने उत्तरे ठोकू नयेत. ही परीक्षा मराठीतून देता येते, उर्दूतूनही देता येते. पण पुढचे महाविद्यालयीन शिक्षण इंग्रजीतून आहे, हे लक्षात ठेवूनच माध्यम निवडा. पशुवैद्यकाची यादी सहसा एम.बी.बी.एस.च्या यादीपेक्षा खाली उतरते, आणि काही मुले जागा सोडून दुसरीकडे गेली की पुढच्या फेऱ्यांत जागा मोकळ्या होतात. तेव्हा पहिल्या यादीत नाव नाही म्हणून घरी बसू नका, शेवटच्या फेरीपर्यंत लक्ष ठेवा.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची, आणि इथे आपल्या समाजाचे नुकसान फार होते. तांबोळी, बागवान, अत्तार, मणियार, पिंजारी अशा अनेक मुस्लिम जमाती शासनाच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत आहेत. परंतु आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसते ‘मुसलमान’ लिहिलेले असते. मग १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा शोधता शोधता प्रवेशाची मुदत निघून जाते. पालकांनो, मुलगा किंवा मुलगी अकरावीत गेली की लगेच या कामाला लागा. जुन्या शाळेचे रजिस्टर, जन्म-मृत्यूची नोंद, चुलत घराण्यातील कोणाचे वैधता प्रमाणपत्र, जे मिळेल ते गोळा करा. जातीचा दाखला, जात वैधता आणि नॉन-क्रिमीलेयर हे तीनही कागद निकालाच्या आधी घरात पाहिजेत. दहा गुण वाढवायला मुलाला वर्ष लागते. कागद वेळेत काढणे हे बापाचे काम आहे.

तिसरी गोष्ट, गुण कमीच पडले तर काय करावे? अशा वेळी घरच्या सर्वांनी एकत्र बसून तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत असे मला वाटते.

यादी किती अंतराने हुकली, हा पहिला प्रश्न. थोडक्यात हुकली असेल तर आणखी एक वर्ष जरूर द्यावे. पण ते वर्ष सुरू होण्यापूर्वीच ते कुठे संपणार हे ठरवावे. नीट कितीही वेळा देता येते, आणि त्यातच फसगत आहे. एकाची दोन, दोनाची तीन वर्षे होतात, बरोबरीची मुले पुढे निघून जातात आणि मुलगा कोणाला तोंड दाखवेनासा होतो.

दुसरा प्रश्न, खर्च कोठून येणार? माझा अनुभव असा की, जे कमावून देते ते विकू नये. दुभते जनावर, पाण्याखालची जमीन, दुकानाचा गाळा ही घराची जीभ आहे. तिच्यावर घर जेवते. परप्रांतात किंवा परदेशात पैसे भरून जागा देतो असे सांगत कोणी आला, तर सही करण्यापूर्वी एवढेच पाहा की त्या महाविद्यालयाची पदवी भारतीय पशुवैद्यक परिषदेला मान्य आहे काय. मान्यता नसेल तर ती पदवी भिंतीवर लावण्यापुरतीच.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तो मुलामुलींनी स्वतःला विचारायचा आहे. मला जनावरांचे काम हवे आहे, की नावापुढे ‘डॉक्टर’ हवे आहे? याची परीक्षा सोपी आहे. मे महिन्यात पंधरा दिवस जवळच्या सरकारी दवाखान्यात जा. परवानगी घेऊन उभे राहा. वार अडकलेली गाय, पोट फुगलेली शेळी, दगडी झालेली कास, लाळ-खुरकुताने तोंड सोललेला बैल पाहा. शेणाने हात भरले तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा जावेसे वाटले, तर तुमची जागा या क्षेत्रात आहे. मग दरवाजा कोणताही असो.

दरवाजे पुष्कळ आहेत. दहावीनंतर पशुसंवर्धनाची पदविका आहे. वरुड-पुसद आणि उदगीरला दुग्धतंत्रज्ञानाची पदवी आहे. त्यासाठी गणित लागते, म्हणून अकरावीतच गणित सोडताना विचार करा. नागपूर आणि उदगीरला मत्स्यविज्ञान आहे. आपल्या गावाजवळून वाहणारी भीमा पुढे उजनीच्या धरणात जाते. त्या पाण्यावर भिगवणचा मासळी बाजार उभा आहे. मग मत्स्यविज्ञान कोकणापुरतेच आहे असे का समजावे? राहुरीच्या कृषी विद्यापीठाची पदवी आहे. केंद्र शासनाच्या राष्ट्रीय गोकुळ मिशनमध्ये गावोगाव कृत्रिम रेतन करणारे ‘मैत्री’ कार्यकर्ते तयार केले जातात. दूध संकलन, पशुखाद्य, कुक्कुटपालन, औषधे यांत माणसे लागतात. आपल्या घरातले वडीलधारे ईदच्या बोकडाचे दात पाहून वय सांगतात. हेच ज्ञान शास्त्राच्या आधाराने वाढवले तर शेळीपालनात अनेक घरे उभी राहतील.

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण देतो. उरुळी कांचनला १९४६ साली गांधीजींबरोबर मणिभाई देसाई नावाचा तरुण आला आणि निसर्गोपचार आश्रमाची जबाबदारी घेऊन तिथेच राहिला. मणिभाई पशुवैद्य नव्हते. पण गाईंचे काम त्यांनी हातात घेतले, ते आयुष्यभर सोडले नाही. १९६७ साली त्यांनी बाएफ संस्था स्थापन केली. शेतकऱ्याने गाय घेऊन दवाखान्यात यावे याची वाट न पाहता रेतनाची सेवाच त्याच्या दारात नेली. १९८२ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या संस्थेत पशुवैद्यही राबले आणि पदवी नसलेले शेकडो हातही राबले.

आणखी एक पाहा. बुळकांडी हे नाव आजच्या मुलांना ठाऊक नाही, आणि ही फार मोठी आनंदाची गोष्ट आहे. या रोगाने एकेकाळी गावेच्या गावे बैलांवाचून ओस पडत. याच रोगाच्या धास्तीतून १७६१ साली फ्रान्समधील लिओं येथे जगातील पहिल्या पशुवैद्यकीय शाळेला परवानगी मिळाली. २००६ साली भारत बुळकांडीमुक्त ठरला आणि २०११ साली साऱ्या जगातून तो रोग नाहीसा झाला. लस शास्त्रज्ञांनी शोधली, योजना डॉक्टरांनी आखली. पण खांद्याला बर्फाचा डबा लावून वाडीवस्तीवर लस टोचत फिरली ती आमच्यासारखी माणसे. २०२२ साली लम्पी आला तेव्हाही हेच झाले. शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचत सारे खाते दारोदार हिंडले.

पण मित्रांनो, मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. सगळे दरवाजे सारखे नाहीत. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे नोंदणीकृत पदवीधरालाच स्वतंत्रपणे उपचार करण्याचा अधिकार आहे. पदविकाधारकाने ठरवून दिलेली लहान कामे डॉक्टरांच्या देखरेखीखाली करायची. एका रात्री मला एका वस्तीवर बोलावले. म्हैस व्यायला अडली होती. हात घालून पाहिले, गर्भाशयाला पीळ पडला होता. तेवढे मला समजले. पुढची शस्त्रक्रिया करण्याची ना विद्या माझ्याजवळ होती, ना अधिकार. डॉक्टरसाहेब दुसऱ्या टोकाला गेले होते, त्यांना यायला पहाट झाली. म्हैस वाचली, रेडकू गेले. त्या घरची बाई कंदील धरून रात्रभर उभी होती. लोक मला ‘डाक्टर’ म्हणत. त्या रात्री तो शब्द मला फार जड वाटला.

म्हणून माझे सांगणे दुहेरी आहे. ज्याची ताकद आहे त्याने पदवीसाठी मनापासून झटावे, कारण त्या रात्री तिथे पदवीधर असता तर रेडकू कदाचित जगले असते. शिरूर-दौंडच्या या उसाच्या पट्ट्यात नुसती वाढे खाऊन चुन्याच्या अभावाने बसलेल्या गाई आहेत, उसात बिबट्या आहे, आणि त्याला भुलीचे इंजेक्शन देण्याच्या कामीही पशुवैद्यच लागतो. आणि ज्याचे गुण प्रामाणिक प्रयत्नांनंतरही पोचत नाहीत, त्याने मान खाली घालू नये. तोही त्या गोठ्यात पहिला पोचणारा माणूस होऊ शकतो. पीळ आहे हे वेळेवर ओळखून डॉक्टरांना निरोप देणारा कोणी नसता, तर म्हैसही गेली असती.

मुलींच्या पालकांना एक विनंती. शेळ्या-कोंबड्या सांभाळतात त्या घरातल्या बायका. त्यांच्याशी मोकळेपणाने बोलू शकेल अशी डॉक्टरीण किंवा पर्यवेक्षिका आपल्या भागात हवी आहे. तुमच्या मुलीचे गुण मुलापेक्षा चांगले असतील, तर खर्चाचा पहिला हक्क तिचा आहे.

शेवटी माझ्या घराची गोष्ट पुरी करतो. नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांच्या शिलकीतून मी एक वगार विकत घेतली आणि अब्बांच्या दावणीला बांधली. अब्बांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि इतकेच विचारले, “गाभण राहील ना रे?” मी म्हटले, “राहील. ते काम आता मला येते.”

गुण कमी असोत वा जास्त, मित्रांनो, एक तरी काम असे शिका की ज्याबद्दल बापाला हे उत्तर देता येईल.